प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घरी बदलायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोलेरो जुनी आहे, रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येतो आणि हल्ली साठच्या पुढे गेल्यावर फ्लोअरला थरथर जाणवते. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा प्रोपेलर शाफ्ट बदला, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणारी लांब नळी. तुमच्याकडे पाने आहेत, अंगणात फरशीची सपाट जागा आहे. नुसता क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा चार पायांचा तुकडा, बदलून भागेल का, आणि घरी जमेल का?

बहुधा भागेल, आणि जमेलही. पण तुमच्या गॅरेजवाल्याला लगेच लबाड ठरवू नका. क्रॉस काही शेकड्यांत मिळतो, शाफ्ट महाग. तरीही कधी कधी शाफ्टच बदलावा लागतो, आणि ते क्रॉसवर नाही, क्रॉस ज्या योकमध्ये, म्हणजे दोन कानांच्या बेचक्यात, बसतो त्या योकच्या भोकांवर ठरतं. ती भोकं क्रॉसच्या पायांवर बसणारे जुने कप बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून आधी उघडायचं, मग ठरवायचं.

एक खुलासा आधीच करतो, कारण हे वाचून कुणीतरी स्विफ्टखाली शिरेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना, म्हणजे स्विफ्ट, आय-टेन, वॅगन-आर वगैरे, हा क्रॉस नसतोच. तिथे चाकापर्यंत जाणाऱ्या एक्सलला सीव्ही जॉइंट असतात, वर रबरी बूट असतो आणि वळताना कटकट वाजते. ते काम वेगळं. इथे बोलतोय ते मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टबद्दल: बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको, जीप, पिकअप.

आता खात्री करून घ्या. 'टक्' आवाज फक्त क्रॉसचा असतो असं नाही. डिफरन्शियलमधला (मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यातला) क्राउन-पिनियन गिअरचा प्ले म्हणजे ढिलेपणा, एक्सलच्या स्प्लाइन म्हणजे दातेरी खाचा, शाफ्ट जोडणाऱ्या फ्लँजचे म्हणजे चकतीचे सैल झालेले बोल्ट, गिअरबॉक्सचं फाटलेलं माउंटिंग, सगळे तसाच आवाज देतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. न्यूट्रलमध्ये टाका. खाली जाऊन एका हाताने शाफ्ट धरा, दुसऱ्या हाताने डिफरन्शियलचा फ्लँज, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट पिळा. शाफ्ट आणि फ्लँज दोन्ही मिळून थोडे हलले तर तो प्ले आत डिफरन्शियलमध्ये आहे, आणि थोडा तिथे असतोच. फ्लँज जागेवर राहून शाफ्ट एकटा हलला तर क्रॉस गेला. मग शाफ्ट वर-खाली उचलून बघा. चांगल्या क्रॉसला तिथे डोळ्याला दिसेल असा प्ले शून्य असतो. पुढच्या टोकालाही हेच करा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या क्रॉसच्या एका कपाच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसते आहे. मला तेवढं पुरे आहे. आतलं ग्रीस संपलं, पाणी शिरलं, कपातल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, घासून त्यांचा गंज बाहेर पडतोय. चिखल सुकला की करडा पडतो. ही भुकटी तांबूस असते आणि बोट लावलं तर बोटाच्या रेषांत बसते. हळू चालताना शाफ्टच्या फिरण्याबरोबर 'चिर्र-चिर्र' येत असेल तर तोच क्रॉस कोरडा पडला आहे. काही जण अशा वेळी बाहेरून ऑइल सोडतात. आवाज आठवडाभर थांबतो, सुया काही परत येत नाहीत.

कामाला लागण्याआधी ही वस्तू करते काय ते समजून घ्या, कारण घरी होणाऱ्या निम्म्या चुका ते न समजल्याने होतात. मागचा एक्सल कमानपाट्यांवर वर-खाली होतो, गिअरबॉक्स मात्र चेसिसला बांधलेला. दोघांमधला कोन सतत बदलतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस. पण एकटा क्रॉस कोनात फिरताना वेग सारखा देत नाही. अलीकडचा भाग एकसारखा फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. कोन १० अंशांचा असेल आणि शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर पलीकडचा वेग १९७० ते २०३० यांच्यामध्ये हेलकावत राहतो. साठच्या वेगाला तुमच्या गाडीचा शाफ्ट साधारण तेवढाच फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हेलकावा उलटा करून मारून टाकतो, पण केव्हा? शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तेव्हाच. शाफ्टच्या मधला स्प्लाइनचा सरकता भाग वेगळा काढला आणि एक दात इकडे-तिकडे करून बसवला, की नवे क्रॉस घालूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मग लोक क्रॉस डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

क्रॉसच्या या सांध्याला हुकचा जॉइंट म्हणतात, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकवरून. कार्डन जॉइंट हे त्याचं दुसरं नाव त्याच्याही आधीच्या इटालियन कार्डानोवरून. मोटारीत तो टिकाऊ झाला तो अमेरिकेत, क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये पेटंट घेतलेल्या बंदिस्त जॉइंटमुळे. दुकानात क्रॉसच्या डब्यावर स्पायसर हे नाव दिसतं ते त्याचंच.

सामान फार लागत नाही. रिंग पाने आणि गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, सर्कलिप पक्कड, हातोडी, तांब्याचा किंवा पितळी ठोकळा, ग्रीस गन, आणि बाकावर घट्ट बसवलेला व्हाइस. हा शेवटचा महत्त्वाचा. व्हाइस नसेल तर शाफ्ट स्वतः उतरवा आणि क्रॉस दाबायला लेथवाल्याकडे किंवा प्रेस असलेल्या गॅरेजात न्या. त्यात कमीपणा नाही, मी स्वतः अडलेला कप प्रेसवरच काढतो. फरशीवर शाफ्ट आपटून क्रॉस काढणारे उस्ताद तुम्ही पाहिले असतील. जमतं त्यांना. पण त्यांनी किती योक वाकडे केले ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

आदल्या संध्याकाळी फ्लँजचे नट आणि क्रॉसचे लॉक (कप जागेवर धरणाऱ्या सर्कलिप) वायर ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, मागचा एक्सल जॅकने उचला आणि एक्सलच्या नळीखाली दोन्हीकडे घोड्या (स्टँड) द्या. चेसिसखाली दिल्या तर एक्सल लोंबतो, कोन वाढतो आणि शाफ्ट ताणात येतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. जुन्या विलीज घाटाच्या जीपचा हँडब्रेक तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टच्याच रांगेत असतो. तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. गुटक्यांवरच भरवसा ठेवा.

खुणा करा. खडूने नाही, तो डिझेलने पुसला जातो. पांढरा ऑइलपेंट नाहीतर सेंटर पंचचे ठिपके. डिफरन्शियलचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांवर समोरासमोर एक-एक ठिपका, पुढच्या टोकाला दोन-दोन, आणि सरकत्या स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर तीन-तीन. काही शाफ्टवर कारखान्याचे बाण कोरलेले असतात, पण मातीखाली ते सापडतीलच असं नाही. सापडले तरी आपली खूण वेगळी करा.

नट सोडताना गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे शाफ्ट फिरत नाही. पुढचा नट वर आणायचा तर न्यूट्रल करून चाक हाताने फिरवा. गोटी धड बसत नाही तिथे रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने नटाचे कोपरे जातात. हे बोल्ट साधे नाहीत, डोक्यावर १०.९ असा मजबुतीचा आकडा कोरलेला असेल. एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही त्या मापाचा बोल्ट घालू नका. रस्त्यात तुटला तर शाफ्ट खाली लोंबतो, आणि पुढचं टोक निसटलं तर ते रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. नट लॉकिंगचे असतील तर नवे घ्या.

शेवटचा बोल्ट काढण्याआधी शाफ्टखाली आधार द्या. एक टोक सुटून शाफ्ट दुसऱ्या क्रॉसवर लोंबला तर तो चांगला क्रॉसही दुखावतो. ओम्नी-ईकोसारख्या गाडीत पुढचं टोक बोल्टने नसतं, ते गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकवलेलं असतं. शाफ्ट ओढला की तिथून ऑइल वाहतं. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड तयार ठेवा, आणि नंतर गिअरबॉक्सचं ऑइल तपासा. लांब पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. तिथे बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर क्रॉस बदलूनही थरथर राहणार.

शाफ्ट बाकावर आला. व्हाइसमध्ये योकचा जाड भाग धरायचा, नळी कधीच नाही. नळी पातळ पत्र्याची असते आणि शाफ्टचा बॅलन्स तिच्यावर असतो. तिच्यावर चिकटवलेले छोटे पत्र्याचे तुकडे दिसतील, ते बॅलन्सचे वजन आहेत. गंज समजून छिन्नीने उडवू नका.

सर्कलिप सहज निघत नसेल तर पक्कड आणखी जोरात दाबण्यात अर्थ नाही, तोंड वाकतं. कप आतून सर्कलिपला रेटत असतो. कपाच्या तोंडावर गोटी ठेवून एक हलका ठोका द्या, कप केसभर आत जातो आणि लॉक मोकळं होतं. चारही लॉक काढा. आता व्हाइसच्या एका जबड्याला लहान गोटी लावा, जी कपाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक असेल, आणि दुसऱ्या बाजूला मोठी, जिच्या पोटात कप मावेल. व्हाइस आवळत जा. लहान गोटी एका कपाला आत ढकलते, समोरचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. पूर्ण येणार नाही. जेवढा बाहेर आला तेवढा पकडीने धरून फिरवत काढा. मग उलट बाजूने तेच. मध्येच व्हाइस जड झाला तर मागे घ्या आणि गोट्या सरळ आहेत का बघा. तिरका कप आवळत राहिलात तर योकच्या कानाला भेग पडते.

जुना क्रॉस हातात आला की लगेच भंगारात टाकू नका. त्याच्या चार पायांपैकी एक पुसून स्वच्छ करा आणि नखाने त्याच्या गोलाईवरून आडवं ओढा. खराब पायावर सुयांच्या ठशांच्या बारीक पन्हळ्या नखाला लागतात, एकामागे एक, आणि त्या पायाच्या एकाच बाजूला जास्त खोल असतात, कारण पुढे जाताना ताकद नेहमी त्याच बाजूला बसते. समोरासमोरच्या दोन पायांवर पन्हळ्या आणि दुसऱ्या दोघांवर नाहीत, असं दिसलं तर ग्रीस तिथे पोचतच नव्हतं. नव्या क्रॉसला ग्रीस मारताना ते लक्षात ठेवा.

आता तो निर्णय. योकची चारही भोकं डिझेलने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने गंज काढून पुसा. पॉलिश म्हणजे घासून मोठी करायची नाहीत. सर्कलिपची खाच टोकदार सुईने कोरून स्वच्छ करा, तिच्या तळाशी घट्ट बसलेला गंज नवं लॉक पूर्ण बसू देत नाही. मग नवा कप कोरडाच, सुया सांभाळत, भोकावर ठेवून अंगठ्याने दाबा. नीट असलेल्या योकमध्ये तो अंगठ्याने आत जात नाही, ठोका किंवा व्हाइस लागतोच. अंगठ्याने सरकला, किंवा आत गेल्यावर फिरला, तर भोक ढिलं झालंय. आतल्या बाजूला चकचकीत घासलेली पट्टी दिसत असेल तर कप तिथे फिरत होता हे नक्की. अशा वेळी तुमचा गॅरेजवाला बरोबर. योक किंवा शाफ्ट बदला. पंच मारून भोक आवळणं, कपाभोवती पत्रा गुंडाळणं, अरल्डाइट, हे सगळं मी आलेल्या गाड्यांत पाहिलंय. यातलं काहीही हायवेवर टिकत नाही.

नवा क्रॉस आणताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच गाडीला वर्षागणिक वेगळा क्रॉस लागू शकतो. जुना सोबत न्या आणि दोन मापं मिळवा: कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या टोकांतलं अंतर. दुकानदाराकडे व्हर्निअर असतो. ग्रीस मारायचं निप्पल असलेला क्रॉस मिळत असेल तर तोच घ्या. बिननिप्पलचे सीलबंद क्रॉसही चांगले असतात, पण आपल्याकडच्या चिखलात आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला पाणी बाहेर ढकलता येणं जास्त कामाचं.

बसवण्याची वेळ आली की घाई संपवा. नव्या क्रॉसचे चारही कप काढा, प्रत्येकात सुया उभ्या आहेत का मोजा आणि बोटाने ग्रीस चोपडा. हे ग्रीस वंगणापेक्षा गोंद म्हणून जास्त उपयोगी, ते सुया भिंतीला चिकटवून ठेवतं. लिथियमचं दोन नंबरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस चालतं. एक कप भोकात थोडासा आत बसवा, आतून क्रॉस घाला आणि त्याचा पाय कपात शिरवून हाताने तसाच धरून ठेवा. मग समोरचा कप लावा आणि दोन्ही व्हाइसने हळूहळू आत न्या. क्रॉसचा पाय सतत दोन्ही कपांत अर्धा-अर्धा राहिला पाहिजे. पाय कपातून बाहेर निसटला की एखादी सुई आडवी पडते, आणि इथेच घरचं काम बिघडतं.

आडवी सुई ओळखायची कशी? एका बाजूला सर्कलिपची खाच पूर्ण उघडी होते, दुसऱ्या बाजूला निम्मीच, आणि व्हाइस एकदम दगडासारखा लागतो. तिथे हातोडी उचलायची नाही. जोर लावलात तर सुई कपाच्या तळाशी चिरडते, लॉक कसंबसं बसतं आणि हजारभर किलोमीटरमध्ये तो क्रॉस संपतो. कप परत काढा, सुई उभी करा, पुन्हा ग्रीस लावा. वेळ जातो, जाऊ द्या.

निप्पल शाफ्टच्या नळीकडे तोंड करून येईल असा क्रॉस घाला, आणि पुढच्या-मागच्या क्रॉसचे निप्पल एकाच बाजूला आणा. नाहीतर एकाला ग्रीस मारल्यावर दुसऱ्यासाठी गाडी अर्धा फेरा ढकलावी लागते. जुन्या निप्पलची दिशा काढण्याआधी मोबाइलवर टिपलेली असेल तर प्रश्नच नाही.

चारही लॉक बसल्यावर प्रत्येक लॉक पकडीने खाचेत फिरवून बघा. फिरलं तर पूर्ण बसलंय. मग क्रॉस हाताने चारही दिशांना हलवा. बहुतेक वेळा तो जड लागेल. लोक घाबरतात, पण कारण साधं आहे: दाबताना योकचे कान किंचित आत आलेले असतात आणि कप पायांना टेकलेले. पितळी ठोकळा ठेवून योकच्या कानाच्या मुळाशी, कपावर नव्हे, हलके ठोके द्या. कप सर्कलिपपर्यंत मागे सरकतात आणि क्रॉस मोकळा होतो. बोटांच्या जोराने, थोड्या अडथळ्याने, सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. कुठे खटका लागत असेल तर आत सुई आहे. स्वतःच्या वजनाने लटकत असेल तर लॉक पातळ आहेत. काही गाड्यांना वेगवेगळ्या जाडीचे लॉक मिळतात ते यासाठीच.

ग्रीस गनने हळू मारा, आणि चारही सीलमधून थेंब डोकावेपर्यंत थांबू नका. तीन आले आणि एक कोरडा राहिला तर क्रॉस त्या बाजूला दाबून, हलवून पुन्हा मारा. तरीही येत नसेल तर तो कप काढून आतलं भोक बघा. कोरड्या पायानिशी गाडी सोडू नका.

शाफ्ट चढवताना फ्लँजचे तोंड पुसून साफ करा. एका बाजूला चिकटलेला रंगाचा पापुद्राही फ्लँज तिरका बसवतो. ठिपका ठिपक्यासमोर आणा, सगळे बोल्ट हाताने लावा, मग तिरप्या क्रमाने आवळा आणि शेवटी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने. टॉर्क पाना नसेल तर तेवढ्यापुरता कुणाचा तरी आणा, अंदाजाने आवळण्याची ही जागा नव्हे. एक्सलच्या घोड्या काढून चाकं जमिनीवर आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा बघा, आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर परत.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर. 'टक्' गेला पण थरथर राहिली तर आधी स्वतःच्या खुणा तपासा, विशेषतः स्प्लाइनच्या. खुणा बरोबर असतील तर फ्लँजचे चार बोल्ट काढून शाफ्टचं मागचं टोक अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा चालवा. अनेकदा थरथर उतरते. नाही उतरली तर शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवा, आणि पाठवण्याआधी नळीला पोचा आहे का आणि कमानपाट्यांखाली कोणी उंचीसाठी जादा ठोकळे घातलेत का, ते बघून ठेवा. ठोकळ्यांनी कोन बदलला असेल तर बॅलन्सिंगवाला शाफ्ट सरळच असल्याचं सांगून परत देईल. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली तर त्याच आठवड्यात क्रॉसला ग्रीस मारून घ्या, म्हणजे आत शिरलेलं पाणी नव्या ग्रीसबरोबर बाहेर पडेल.